विदर्भात कडकनाथची शुद्ध पैदास: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कडकनाथ जगवायला गावरान कोंबडीपेक्षा फार वेगळं काही करावं लागत नाही. खरं काम पुढचं आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीतही पिल्लं तशीच काळी आणि काटक निघावीत यासाठी कोंबडा निवडायचा, जोड्या लावायच्या, नोंदी ठेवायच्या. बहुतेक कळप इथेच बिघडतात. गावातला मोकळा कोंबडा कुंपण ओलांडून येतो, किंवा एकाच कोंबड्यावर चार वर्षं काढली जातात, आणि मग अंडी फुटत नाहीत, म्हणजे पिल्लं निघत नाहीत, म्हणून उबवणीच्या मशीनला दोष दिला जातो. या लेखात सांभाळाची माहिती आहेच, पण जास्त भर पैदाशीवर आहे.

पक्षी ओळखून घ्या

कडकनाथचं मूळ घर मध्य प्रदेशातले झाबुआ, अलीराजपूर आणि धार हे जिल्हे. भिल्ल आणि भिलाला समाजाने ही जात पिढ्यानपिढ्या सांभाळली. तिकडे तिला कालामासी म्हणतात. तिचे तीन प्रकार आहेत: पूर्ण काळा, मानेवर रुपेरी रेघा असलेला पेन्सिल्ड आणि डोक्या-मानेवर सोनेरी पिसं असलेला गोल्डन. सुरुवातीला एकच प्रकार धरावा. तिन्ही एकत्र सोडले की पुढच्या पिढीत कुठलाच धड राहत नाही.

पूर्ण वाढलेला कोंबडा १.८ ते २ किलो, कोंबडी १.२ ते १.५ किलो. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, साधारण सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. उत्तम सांभाळात वर्षाला शंभराच्या आसपास अंडी मिळतात, परसातल्या सांभाळात त्याहून कमी. अंडं ४५ ते ५० ग्रॅमचं, फिकट बदामी रंगाचं. अंडं काळं नसतं आणि रक्तही लालच असतं, त्यामुळे काळ्या अंड्याचं आमिष दाखवणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

चोच, जीभ, पायाच्या नळ्या, बोटं, तळवा आणि पिसाखालची कातडी पाटीसारखी काळसर असावी. तुरा एकेरी, करडा ते जांभळट. पायाला बोटं चारच. पाचवं बोट, पायावर पिसं, डोक्यावर पिसांचा झुबका, पांढरी कानाची पाळी किंवा लालभडक तुरा दिसला तर तो पक्षी पैदाशीत नको. सहा महिन्यांत अडीच किलोच्या वर गेलेला कोंबडा पाहून हरखू नका, त्यात बहुधा दुसऱ्या जातीचं रक्त आहे.

काळा रंग फसवतो

नवीन माणूस रंग पाहून पक्षी घेतो. पण काळेपणा हा शुद्धतेचा पुरावा नाही, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर पुढे बरेच पैसे वाचतात.

कातडी, मांस आणि हाडांवरच्या आवरणात काळं रंगद्रव्य पसरवणारा गुण २० व्या गुणसूत्रावर आहे. तिथला एक तुकडा दुपटीने आल्यामुळे हा रंग भरतो. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पिल्लू जवळपास काळं दिसतं. दुसरं एक जनुक या रंगाला आवर घालतं आणि ते लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं असतं. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या गावरान कोंबड्यांत हे आवर घालणारं जनुक असतं, कडकनाथमध्ये नसतं.

पक्ष्यांत मादी पिल्लाला हे गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायाची गावरान कोंबडी अशी जोडी लागली की तलंगा काळ्या निघतात आणि नर फिकट. उलट गावरान कोंबडा कडकनाथ कोंबडीवर गेला तर दोन्हीकडे रंग पातळ होतो. पण आपल्याकडच्या पुष्कळ गावरान कोंबड्यांचे पाय निळसर-काळेच असतात. त्यांच्याशी संकर झाला तर पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं काळी दिसतात. भेसळ लपते ती इथे. दोन संकरित काळे पक्षी एकमेकांना लागले की साधारण चारात एक पिल्लू गुलाबी कातडीचं निघतं, तेव्हा कुठे कळतं.

कोंबड्याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. संशयित कोंबडा निळसर पायाच्या, गोऱ्या कातडीच्या तीन-चार गावरान कोंबड्यांबरोबर वेगळा ठेवा. त्याआधी त्या कोंबड्या तीन आठवडे कुठल्याही कोंबड्यापासून दूर हव्यात, कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं. निघालेल्या पिल्लांपैकी एकही गुलाबी तोंडाचं असेल तर कोंबडा संकरित. दहाच्या दहा काळी निघाली तर तो काळेपणात शुद्ध धरायला हरकत नाही. संकरित कोंबड्याकडून असं होण्याची शक्यता १०२४ मध्ये एक इतकीच असते. परीक्षेतली पिल्लं बाजारात गावरान म्हणूनच विकायची, कडकनाथ म्हणून अजिबात नाही.

कुठून, किती, कधी

झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात कडकनाथची पैदास होते. आपल्याकडे जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, नागपूरचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आणि माफसूचं (राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे आधी चौकशी करावी. "पिल्लं आमच्याकडून घ्या, मोठी झाली की आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ" असा करार पुढे आला तर पैसे देऊ नका. अशा योजनांत महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी बुडाले आहेत.

एका ठिकाणाहून शंभर घेण्यापेक्षा तीन वेगळ्या ठिकाणांहून वीस-वीस पिल्लं घ्या. साठातली पन्नास जगली, तर अंदाजे पंचवीस नर आणि पंचवीस मादी. त्यातून पाच-सहा नर आणि वीस-बावीस माद्या निवडायच्या, बाकी विकायच्या. एक दिवसाचं पिल्लू निळसर ते काळं, पाठीवर गडद पट्टे असलेलं असतं. तळवा आणि चोचीच्या आतली बाजू बघून घ्या.

पैदाशीसाठी ठेवायची पिल्लं जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निघालेली असावीत. एप्रिल तापायच्या आत त्यांना पूर्ण पिसं येतात, जुलै-ऑगस्टमध्ये तलंगा अंड्यावर येतात आणि पोळ्यानंतरचा सगळा थंड काळ अंडी देण्यात जातो. ऑक्टोबरची पिल्लं विकायला चांगली, पण त्यांच्या तलंगा ऐन एप्रिलच्या उन्हात पहिलं अंडं देतात. पावसाळ्यात ओलीमुळे रक्ती हगवण ठरलेलीच.

खुराडं

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन आत येत नाही. रात्रीच्या निवाऱ्याला पक्ष्यामागे दोन चौरस फूट, पैदाशीच्या कप्प्यात तीन. टिनाचं छप्पर असेल तर त्यावर पऱ्हाटी, तुराटी किंवा धानपट्ट्यात तणीस यांचा जाड थर बांधा, नुसतं टिन मे महिन्यात पक्षी मारतं. खाली एक-दीड फूट भिंत, वर अर्ध्या इंचाची जाळी. मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस आणि साप आत येतात. जाळी जमिनीत फूटभर गाडा. बसायला दोन इंच रुंदीचे बांबू, एका पक्ष्याला आठ इंच. पाच कोंबड्यांमागे बारा इंच लांब-रुंद असं अंडी घालायचं एक खोकं, थोड्या अंधाऱ्या जागी.

जुन्या लाकडाच्या फटींत गोचीड लपते. दिवसा दिसत नाही, रात्री रक्त पिते आणि पक्षी पांढरे पडत जातात. वर्षातून दोनदा खुराडं रिकामं करून फटी आगीच्या झोताने भाजा आणि चुना मारा.

पहिले आठ आठवडे

शंभर पिल्लांना सहा फूट व्यासाचं गोल कुंपण, दीड फूट उंच. कोपरे ठेवले की थंडीत पिल्लं तिथे एकावर एक चढतात आणि गुदमरतात. खाली दोन इंच तूस, त्यावर पहिले तीन दिवस कागद. उष्णतेला पिल्लामागे दोन वॅट, म्हणजे शंभर वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब. एलईडीने उजेड मिळतो, ऊब नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. जानेवारीत गोंदिया-नागपूरकडे रात्र ८-१० अंश सेल्सिअसवर उतरते, तेव्हा पोत्यांचे पडदे लावा, पण वरचा हातभर भाग हवेला उघडा राहू द्या. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गार वाटतंय, कुंपणाला चिकटली तर गरम होतंय.

पहिलं पाणी कोमट, लिटरला थोडा गूळ टाकून. दोन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून वीस टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर. आठ आठवड्यांत एका पिल्लाला साधारण दीड किलो लागतं. या वयात घरचा भरडा देऊन बचत करू नका, खुरटलेलं पिल्लू पुढे भरून येत नाही.

लसी अशा: पहिल्या दिवशी मरेक्स (उबवणी केंद्रातच टोचून घ्या), ५ ते ७ व्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा डोळ्यात एक थेंब, १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, २८ व्या दिवशी लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्यात पंखाच्या पडद्यात देवीची लस, आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी टोचून, आणि अंड्यावर येण्याआधी ती परत एकदा. नेमकी मात्रा आणि दिवस तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून पक्के करा. लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, म्हणून चाळीस पक्षी असलेला माणूस टाळाटाळ करतो. चार घरांनी मिळून एकाच सकाळी लस द्यावी. ती बर्फात आणायची आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची. उरलेली उद्या देणं म्हणजे नुसतं पाणी देणं.

घरचं खाद्य, आणि विदर्भातल्या चार धोक्याच्या वस्तू

अंड्यावरच्या कळपासाठी शंभर किलोचं मिश्रण: भरडलेला मका ५०, सोयाबीनची ढेप २२, धानाचा बारीक कोंडा १७, शिंपला किंवा चुनखडीची भुकटी ८, डायकॅल्शियम फॉस्फेट दीड, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण १ आणि मीठ अर्धा किलो. यात प्रथिनं सोळा टक्क्यांच्या जवळपास बसतात. बंदिस्त पक्ष्याला रोज ९० ते १०० ग्रॅम; वावरात चरणाऱ्याला यातलं निम्मं, संध्याकाळी. उधई, अझोला, शेवग्याचा पाला ही भर उत्तम.

सरकीची ढेप गोठ्यात असतेच, म्हणून ती कोंबड्यांपुढेही जाते. पैदाशीच्या पक्ष्यांना ती देऊ नका. तिच्यातल्या गॉसिपॉलने बलक हिरवट पडतो, तेलातल्या घटकांनी अंड्यातलं पांढरं गुलाबी होतं आणि अंडी फुटण्याचं प्रमाण घसरतं. कच्चं सोयाबीन पचत नाही, उलट प्रथिनांचं पचन अडवतं. द्यायचंच तर नीट भाजून. लाखोरीची (लाख डाळीची) चुनी नको. चौथा धोका पेरणीच्या दिवसांतला: औषधाचा रंग लावलेलं उरलंसुरलं बियाणं. ते अंगणात सांडलं तर पक्षी मरतात, आणि थायरम लावलेल्या दाण्याने कवच नसलेली अंडी पडतात, पाय वाकतात. फवारलेल्या कपाशीतही पक्षी सोडू नका.

जोड्या लावणं

एक कोंबडा आणि आठ कोंबड्या एवढ्यावर कळप चालवला तर प्रत्येक पिढीत रक्तसंबंध सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. तीन कोंबडे आणि चोवीस कोंबड्या असतील तर हीच वाढ पाच टक्क्यांच्या आत राहते. या फरकात मोठा वाटा दोन जास्तीच्या कोंबड्यांचा आहे. नवीन माणसाने पैसा वाचवायचा तर कुठेही वाचवावा, नरांत नाही.

तीन कप्पे करा: अ, ब, क. सुरुवातीच्या तीन ठिकाणांची पिल्लं वेगळी ठेवली असतील तर एकेका कप्प्यात एकेका ठिकाणच्या सात-आठ माद्या टाका. अ मधला नर ब मध्ये, ब मधला क मध्ये, क मधला अ मध्ये. पुढच्या पिढीत निवडलेल्या तलंगा आईच्याच कप्प्यात राहतात, निवडलेले नर मात्र नेहमी पुढच्या कप्प्यात सरकतात. एवढा एक नियम पाळला तर भाऊ-बहीण, बाप-लेक जोडी लागत नाही आणि बाहेरून रक्त आणण्याची गरज कित्येक वर्षं पडत नाही. प्रत्येक कप्प्यामागे एक राखीव नर ठेवा. मुंगसाने एका रात्रीत वर्षाचं काम संपवल्याची उदाहरणं गावोगाव आहेत.

ओळख पटवायला पायात रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या: अ लाल, ब पिवळी, क पांढरी. वाढत्या पिल्लाची पट्टी दर पंधरा दिवसांनी सैल करा, नाहीतर ती मांसात रुतते. वहीत पाच रकाने पुरतात: पट्टी, आईबापाचा कप्पा, निघाल्याची तारीख, १६ आठवड्यांचं वजन, शेरा.

निवड तीनदा करायची. पहिल्या दिवशी गुलाबी तळव्याची आणि वाकड्या बोटांची पिल्लं बाजूला. आठव्या आठवड्यात अंग धरलेली तेवढी ठेवा आणि नर-मादी वेगळे करा. वीस आठवड्यांच्या सुमारास शेवटची निवड: पंख उचलून कातडी, तोंड उघडून जीभ, मग छातीचं हाड सरळ आहे का, चाल कशी आहे. मादी निवडताना सगळ्यात काळी ती उत्तम असं धरू नका. जिची आई जास्त अंडी देणारी आणि जिची भावंडं जास्त जगलेली, ती आधी. रंगामागे धावून अंडी हरवलेले कळप पुष्कळ आहेत.

कोंबडा सोडल्यापासून दहा दिवसांनी अंडी उबवायला घ्यावीत. नर बदलला असेल तर तीन आठवड्यांनी. तलंगेची पहिल्या महिन्याची अंडी खायला वापरा. हिवाळ्यात दिवस अकरा तासांचा होतो, तेव्हा पहाटे तीन तास बल्ब लावला तर अंडी टिकून राहतात.

अंडी आणि उबवण

कडकनाथ कोंबडी फारशी खुडूक होत नाही आणि झाली तरी नीट बसेलच असं नाही. रवणीला, म्हणजे अंड्यांवर बसवायला, गावरान कोंबडी वापरा. आधी तिच्या उवा घालवा, टोपल्यात राख आणि वर तणीस किंवा मऊ गवत, रात्रीच्या वेळी बारा-तेरा अंडी खाली सरकवा. पाणी आणि दाणे टोपल्याशेजारीच ठेवा.

मशीन लावणार असाल तर अंड्याची काळजी मशीनच्या आधी सुरू होते. दिवसातून तीनदा गोळा करा, धुऊ नका, निमुळतं टोक खाली ठेवा, सात दिवसांत लावा. साठवणीला १६ ते १८ अंश सेल्सिअस हवं. खोली २१ अंशांच्या वर गेली की गर्भ हळूहळू वाढू लागतो आणि ३८-४० अंशांच्या खोलीत अर्धवट वाढून मरतो. मार्चनंतर आपल्याकडे "अंड्यात बीज नाही" अशी जी तक्रार होते, तिच्यात पुष्कळदा बीज असतं, ते साठवणीत मेलेलं असतं. मोठ्या माठात लहान माठ, मध्ये ओली वाळू, वर ओलं कापड एवढ्याने कोरड्या दिवसांत तापमान बरंच उतरतं. आषाढाच्या दमट हवेत मात्र याचा उपयोग नाही.

पंखा असलेल्या मशीनमध्ये ९९.५ अंश फॅरनहाइट, पहिले अठरा दिवस ५५ ते ६० टक्के ओलावा, दिवसातून निदान पाच वेळा फिरवणं. अठराव्या दिवशी फिरवणं बंद आणि ओलावा ७० टक्के. सातव्या आणि चौदाव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडी पाहा. सगळ्यात भरवशाची तपासणी वजनाची: अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन बारा टक्क्यांच्या आसपास घटायला हवं, म्हणजे ४५ ग्रॅमचं अंडं साडेएकोणचाळीसवर यावं. जास्त घटलं तर ओलावा कमी आहे, कमी घटलं तर जास्त.

न फुटलेलं प्रत्येक अंडं फोडून पाहा. पूर्ण स्वच्छ असेल तर नराकडे बघा. रक्ताचं कडं दिसलं तर साठवण किंवा पहिल्या आठवड्याचं तापमान चुकलं. शेवटच्या तीन दिवसांत मेलेलं पिल्लू चिकट असेल तर ओलावा बिघडला. विसाव्या दिवशीच घाईने फुटली तर तापमान जास्त, बावीसच्या पुढे गेली तर कमी. वीज गेली की मशीन उघडू नका. तासभर बंद पेटी तग धरते, पुढे इन्व्हर्टर लागतोच. शुद्ध जातींत अंडी कमी फुटतात हे धरून चला, निम्म्याहून थोडी अधिक निघाली तरी कडकनाथसाठी वाईट नाही.

उन्हाळा

काळं पीस उन्हात लवकर तापतं. एप्रिलपासून नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत खाद्य सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळताना. दुपारी फक्त पाणी, मातीच्या भांड्यात, सावलीत, दोनदा बदललेलं. जाळीवर ओली पोती लावा, पण वारा अडू देऊ नका. धापेमुळे रक्तातलं रसायन बदलतं आणि कवच पातळ होतं, म्हणून शिंपल्याची भुकटी वेगळ्या भांड्यात ठेवा. नरांचं बीजही या दिवसांत कमी पडतं. मे महिन्यात उबवण बंद ठेवणंच शहाणपणाचं.

विक्री आणि वाहतूक

आठवडी बाजारातून न विकला गेलेला पक्षी थेट कळपात परत सोडू नका, तीन आठवडे वेगळा ठेवा. मानमोडीची साथ बहुतेक वेळा याच वाटेने घरात येते. कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये झाबुआचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे आपला माल "विदर्भात वाढवलेला कडकनाथ" म्हणून विकावा, झाबुआचं नाव लावू नये. मधुमेह, हृदयरोग बरा होतो असे दावेही करू नयेत.

उबवायची अंडी बाहेरगावी पाठवायची असतील तर कागदात एकेक गुंडाळून तुसात भरा, निमुळतं टोक खाली, आणि खोक्यावर कप्पा व तारीख लिहा. घेणाऱ्याला सांगा की पोहोचल्यावर अंडी बारा ते चोवीस तास थंड जागी तशीच उभी ठेवायची, मगच मशीनमध्ये लावायची. एसटीच्या हादऱ्यांनी हललेली हवेची पोकळी तेवढ्या वेळात जागेवर येते.